निशाणी बादली

भाड्याने जागा देताना घरमालक काय काय विचारतात ते मला तोवर तोंडपाठ झालं होतं. नोकरी कुठे, लग्न झालंय का, घरात मांस-मच्छी शिजणार का, पाहुणे किती येतात. एग्मोर स्टेशनच्या मागच्या त्या गल्लीत, लोखंडी फाटकाच्या आत कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या बाईंनी यातलं एकही विचारलं नाही. घट्ट अंबाडा, सुती साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुज रांगेंत उभें राहतां येतें?"

मला वाटलं पाण्याच्या टँकरबद्दल विचारतायत. मी हो म्हटलं.

"मधें घुसणार नाहींस?"

"नाही."

"कोणी ओळखीचें पुढें बोलावलें तरी?"

हा प्रश्न मला जरा जड गेला, कारण आमच्या कोल्हापूरकडे ओळखीचं माणूस पुढे असेल तर न घुसणं हाच अपमान असतो. पण बँकेची बदली झालेली, लॉजवर राहून पोटाची वाट लागलेली, आणि चेन्नईत मराठी बोलणारी घरमालकीण भेटलेली. मी शपथेवर नाही म्हटलं. "सरी, ठीक," त्या म्हणाल्या आणि वरच्या दोन खोल्यांची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

पहिले काही दिवस मी त्यांना अहो-जाहो करत होते. एकदा जिन्यात अडवून त्या म्हणाल्या, "अहो अहो काय लाविलें आहेस? मी काय झोन ऑफिसर आहें? अक्का म्हण." तेव्हापासून ती अक्का झाली आणि माझ्या तोंडी एकेरीत आली. गल्ली तिला रायरम्मा म्हणायची. तंजावरकडच्या मराठी माणसांना तिकडे रायर म्हणतात, त्या हिशोबाने ही रायरांच्या घरातली अम्मा. तिच्या घराण्यातलं कोणीतरी फार पूर्वी राजांबरोबर तंजावरला गेलं आणि परत यायचं राहूनच गेलं, असं ती सांगे, जणू गाडी चुकली होती. तिचं मराठी ऐकताना मला सुरुवातीला वाटायचं की कोणीतरी जुनी बखर तमिळ चालीवर म्हणून दाखवतंय. तिला माझं मराठी फार हळू वाटायचं. "तुम्ही लोक बोलतां कीं जांभया देतां?" असं तिने माझ्या आईला, पहिल्याच भेटीत, तोंडावर विचारलं होतं. आईने पुढचे दोन दिवस तिच्याशी अगदी भरभर बोलायचा प्रयत्न केला.

रांगेचा उलगडा दुसऱ्या दिवशी सकाळीच झाला. खाली परसात बायकांचा कलकलाट ऐकून मी खिडकीत आले. शेवग्याच्या झाडापाशी, घरापासून वेगळा असा एक जुना संडास होता. त्याच्यापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत टोपल्यांची सरळ रांग लागली होती. मोगऱ्याच्या कळ्या, अबोली, झेंडू, मरवा, सगळं ओल्या फडक्याखाली झाकलेलं. बायका इकडेतिकडे बसून गप्पा मारत होत्या, आणि त्यांच्या वतीने टोपल्या रांगेत उभ्या होत्या. पुढची टोपली उचलली गेली की बाकीच्या पायाने ढकलल्या जात. संडासाची किल्ली फाटकाजवळ खिळ्याला अडकवलेली असे आणि कोणी चुकून कनवटीला लावून नेऊ नये म्हणून अक्काने ती नारळाच्या अख्ख्या करवंटीला बांधली होती. त्या रांगेत अक्काही असे, स्वतःच्या घरात, स्वतःच्या संडासासाठी. आत दुसरा होता, पण नियम म्हणजे नियम. तिची टोपली म्हणजे एक निळी प्लास्टिकची बादली.

या सगळ्या फुलवाल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो बाजार भरे, तिथे दिवसभर बसणाऱ्या. चेंगलपट्टूच्या अलीकडच्या-पलीकडच्या खेड्यांतून पहाटेच्या गाडीने येत आणि दिवेलागणीनंतर परत जात. एवढ्या वेळात त्यांना जायला कुठेही जागा नव्हती. पुरुषांना भिंती होत्या.

अक्का मुलींच्या शाळेत ड्रिल टीचर होती. बूट त्या नोकरीतले, आवाजही त्याच नोकरीतला. तिने एकदा मला सांगितलं की मैदानावर मुली पटापट चक्कर येऊन पडायच्या. मुख्याध्यापिका म्हणायच्या ऊन, आया म्हणायच्या दृष्ट. अक्काने एकेकीला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा कळलं की पोरी सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. शाळेचा संडास असा होता, की तिथे पाय ठेवायला नको म्हणून त्यांनी पाणी सोडलं होतं. पुढे रिटायर झाल्यावर एके दुपारी सेल्वी नावाची फुलवाली हिच्या पायरीवर तशीच कोसळली. अक्काने तांब्या पुढे केला. सेल्वीने शुद्धीवर येता येता तो हाताने मागे सारला आणि म्हणाली, "पाणी नको, अम्मा. प्यायलं की जायचं कुठे?" हे सांगताना अक्काचा चेहरा कसानुसा होई. त्याच दिवशी खिळा ठोकला गेला.

अक्काच्या हाताखाली संघटना वगैरे काही नव्हती. नाव नाही, पाटी नाही, अध्यक्ष-चिटणीस नाहीत. तिचा एकच नियम होता, ज्याची तक्रार त्यानेच पुढे व्हायचं. बाकीचे मागे रांगेत उभे राहतील, अक्कासुद्धा, पण बोलायचं तक्रारवाल्यानेच. हा नियम ती इतक्या कडकपणे पाळे, की गल्लीतले लोक तिच्यासमोर कुरकूर करायला घाबरत. शेजारचे रेल्वेतून निवृत्त झालेले मामा, तमिळ गृहस्थ, तिच्यापुढे नेहमी हवा फार छान आहे असंच म्हणत, भर मे महिन्यातसुद्धा.

मला कोणी सावध केलं नव्हतं. एका संध्याकाळी जिन्यात बसून पाय खाजवता खाजवता मी म्हटलं, "अक्का, काय डास आहेत गं तुमच्याकडे!" तिचे डोळे एकदम चमकले. दुसऱ्या दिवशी मी बँकेतून अर्धी रजा काढून कॉर्पोरेशनच्या झोन ऑफिसात होते, डासांच्या शिष्टमंडळाची पुढारी म्हणून. मागे पाच-सहा बायका आणि अगदी शेवटी अक्का, बूट जुळवून, तोंड मिटून. मला तमिळ येत होतं ते 'किती' आणि 'नको' एवढंच. मी मागे वळून अक्काकडे पाहिलं. तिने आकाशाकडे पाहिलं. शेवटी मी हाताने डासांचा आवाज, गटाराचा आकार आणि माझी पोटरी असं सगळं दाखवून त्या अधिकाऱ्याला समजावलं. तो इतका हसला, की त्याच आठवड्यात धुराची गाडी गल्लीत आली. परतताना मी रागाने म्हटलं, "तू दोन वाक्यं बोलली असतीस तर काय झालं असतं?" अक्का म्हणाली, "मग पुढल्या वेळीं तूं परत मजकडेच आली असतीस ना?" मला तिचा भयंकर राग आला होता. पण त्या दिवसापासून गल्लीतली माणसं मला ओळखू लागली. कॉफीच्या दुकानात 'डासवाली मॅडम' म्हणून डिकाक्शन जरा दाट मिळू लागलं. त्या परक्या शहरात मी कोणीतरी झाले ती त्या डासांमुळे आणि अक्कामुळे, हे मला कळत होतं, फक्त तिला सांगितलं नाही इतकंच.

फुलवाल्यांच्या संडासासाठीही असंच बरंच झालं होतं. सेल्वी पुढे, बाकीच्या मागे. प्रत्येक साहेब ऐकून घेई, मान डोलावे आणि म्हणे, जागा नाही. जागा तर समोर होती. बाजाराच्या कोपऱ्यावर कॉर्पोरेशनचाच एक पडका पंपरूम होता, ज्यात कुत्री झोपत. पण ते कौन्सिलरने म्हटलं पाहिजे, आणि कौन्सिलर म्हणे की झोनने म्हटलं पाहिजे. अक्काची सगळी धाव त्या पंपरूमपाशी येऊन थांबे. "माझा एक संडास आणि बायका एवढ्या," ती म्हणे. "मी मेलें म्हणजे भाचे हें घर विकतील. मग ह्या पुनः पाणी सोडतील." ही एकच भीती मी तिच्या तोंडून ऐकली.

तेवढ्यात कॉर्पोरेशनची निवडणूक लागली आणि आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. झालं, सगळ्या पक्षांनी आपापल्या पुढाऱ्यांच्या बायका उभ्या केल्या. पोस्टरवर नवरा एवढा मोठा आणि त्याच्या खांद्यापाशी हात जोडलेली बायको पासपोर्ट फोटोएवढी. अक्का कोपऱ्यावरचं पोस्टर बराच वेळ बघत राहिली. घरी आली ती थेट रेल्वेमामांच्या दारात. "कौन्सिलर जागा देत नाहीं ही माझी तक्रार आहे," ती म्हणाली. "मग पुढें कोणीं व्हावें?" मामा त्या दिवशी हवेबद्दल काही बोलायच्या आतच तिचे निवडणूक प्रतिनिधी झाले.

अपक्षांना निशाणी वाटतात त्या दिवशी ती परत आली ती जवळजवळ नाचत. "बादली! अगे, बादली मिळाली!" बाकीच्या अपक्षांना असली निशाणी मिळाली असती तर त्यांनी तोंड लपवलं असतं. अक्काला मात्र वाटलं की देवच तिच्या बाजूने उभा राहिला आहे. तिने ती निळी बादली घासूनपुसून फाटकावर टांगली, आणि सकाळच्या रांगेसाठी हिरवी आणली.

प्रचाराचा पहिला दिवस मी कधी विसरणार नाही. बाजारातल्या झाडून सगळ्या बायका आल्या. हातात बादल्या, केसांत स्वतःच्याच टोपलीतले गजरे, आणि "रायरम्मा" म्हणून अशी आरोळी, की स्टेशनवरच्या अनाउन्समेंट ऐकू येईनात. मोठ्या पक्षांच्या मिरवणुकीत माणसं गाड्यांतून आणावी लागत होती, आणि इथे रस्ता पुरत नव्हता. पलीकडच्या उमेदवाराचे नवरोबा गॅलरीत येऊन काळजीने बघत होते. मामांचे डोळे भरून आले. ते मला म्हणाले, "आपण जिंकतोय, बहुतेक."

मी उत्साहाच्या भरात शेजारून चालणाऱ्या सेल्वीला, एव्हाना जमू लागलेल्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये, म्हटलं, "मतदानादिवशी लवकर ये हं. दुपारी गर्दी होते."

सेल्वीने माझ्याकडे बघितलं. "मला इथे कुठे मत आहे?" ती म्हणाली. "माझं मत गावाला."

मी दुसरीला विचारलं. तिचंही गावाला. तिसरीचं तर वेगळ्याच जिल्ह्यात. मामा हातातल्या बादलीसकट जागच्या जागी थांबले. त्या प्रचंड मिरवणुकीत त्या वॉर्डाचे मतदार म्हणजे अक्का, मामा आणि एक चुकून सापडलेला इस्त्रीवाला. माझं स्वतःचं मत कोल्हापुरात होतं. मामांनी कापऱ्या आवाजात ही गोष्ट अक्काच्या कानावर घातली. मला वाटलं, तिला हे माहीत असणार आणि तिच्याकडे काहीतरी युक्ती असणार. पण नाही, तिच्या मनात हे आलंच नव्हतं. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून बघत राहिली, एकेकीच्या तोंडाकडे. मग म्हणाली, "रोज सकाळीं माझ्या दारांत उभ्या राहतात. माझ्या वॉर्डाच्या नाहींत तर मग कोणाच्या?"

मागून कोणीतरी पुन्हा आरोळी दिली आणि मिरवणूक तशीच पुढे गेली, बिनमतांची.

मग दारोदार जाणं आलं. तिथे मामांनी तिला विनवलं की रस्ते बोला, दिवे बोला, पाणी बोला, संडासाचं नंतर बघू. अक्का प्रत्येक दारात उभी राहून पहिल्याच वाक्यात सांगे, "मी निवडून आलें तर तुमच्या कोपऱ्यावर बायकांसाठी संडास बांधीन." ज्यांचं घर पंपरूमला लागून होतं, त्यांच्या दारात तर ती आणखी स्पष्ट बोले, "तुमच्या भिंतीला लागून." तिथल्या बाईंनी नाकाला पदर लावला. "वास येईल ना, रायरम्मा. त्या बायका इथल्याही नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही का सोसायचं?"

"तुमच्या देवाला फुलें कोठलीं?" अक्काने विचारलं.

"बाजारातली."

"मग फुलें एथलीं आणि बायका परक्या?"

बाईंनी दार लावलं, तेही जोरात नाही, अगदी सभ्यपणे, कडी वाजणार नाही असं. अक्का पुढच्या दारात गेली आणि तेच म्हणाली. जिना उतरताना मी तिला म्हटलं, "अगं, थोडं खोटं बोललीस तर काय बिघडेल?" ती म्हणाली, "निवडून येऊन मग खोटें बोलण्यापेक्षां आतां पडलेलें बरें." मामा दोन पायऱ्या मागे उभे राहून कपाळ पुसत होते.

निकाल लागला. डिपॉझिट गेलं. पोस्टरवर नवरा मोठा असलेल्यांपैकी एक बाई निवडून आल्या आणि गल्लीभर फटाके फुटले. हार नवऱ्याच्या गळ्यात पडले, आणि त्या दिवसापासून सगळे त्यालाच कौन्सिलर म्हणू लागले. अक्का फटाके संपेपर्यंत जिन्यात बसून राहिली. मी शेजारी जाऊन बसले. ती रडली नाही, पण तिचे हात मांडीवर असे पडले होते, की मला ते बघवेनात. "ज्यांच्या नळास पाणी आणिलें त्यांनींही मत दिलें नाहीं गे," ती म्हणाली. सकाळी टोपल्यांची रांग नेहमीसारखी लागली आणि शेवटी हिरवी बादलीही आली, पण बादली ठेवून अक्का आत निघून गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती कोणाला तक्रार विचारेना. मामांनी एकदा मुद्दाम, जीव मुठीत धरून, "आज फार उकडतंय, नाही?" असंही म्हणून पाहिलं. अक्का नुसती "हूं" म्हणाली. तेव्हा मात्र आम्ही दोघेही घाबरलो.

आणि मग तो शुक्रवार आला. मद्रासी शुक्रवार म्हणजे फुलांचा दिवस. देवळं, घरं, दुकानं, गल्ल्यावरची तसबीर, बायकांची डोकी, सगळ्यांना फुलं लागतात. मी डबा भरत होते आणि खालून काहीच आवाज येत नव्हता. खिडकीतून पाहिलं तर परसात एकही टोपली नाही. खिळ्याला किल्ली तशीच, करवंटी वाऱ्याने जराशी हलत होती. अक्का रिकाम्या परसात बूट घालून उभी होती. मला बघून म्हणाली, "कोणीच आलें नाहीं."

तिच्या आवाजात काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. हरली त्या दिवशीही ती असं बोलली नव्हती. मी चपला घातल्या आणि आम्ही दोघी बाहेर पडलो. बाजार ओस. गजऱ्यासाठी आलेल्या बायका हात हलवत परत जात होत्या. इस्त्रीवाल्याने सांगितलं, सगळ्या कौन्सिलरच्या घरापाशी आहेत.

त्या घरी त्या दिवशी मुलीचं वळैकाप्पू होतं. आपल्याकडचं डोहाळजेवण म्हणा, फक्त बांगड्या भरायचा थाट मोठा. दारात केळीचे खुंट, आत पाहुणे, नादस्वरम् वाजवणारे आलेले, आणि फूल औषधाला नव्हतं. दारापासून रस्त्याच्या वळणापर्यंत टोपल्यांची सरळ रांग लागली होती. ओल्या फडक्यांखाली टोपल्या काठोकाठ भरलेल्या, वास सगळ्या रस्त्यावर पसरलेला. आणि त्यांच्यामागे बायका, या वेळी बसलेल्या नाहीत, उभ्या. सगळ्यांत पुढे सेल्वी.

कौन्सिलरचा नवरा पायरीवर उभा राहून आवाज चढवत होता. "पुढच्या महिन्यात बघू म्हटलं ना! आता फुलं द्या आणि जा."

"आधी जागा," सेल्वी म्हणत होती, "मग फुलं."

अक्काच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. ती तरातरा पुढे निघाली, साडी खोचत, जणू मैदानावर कोणी चुकीचं पाऊल टाकलं होतं. सेल्वीने मान वळवली. तिने अक्काला पाहिलं, आणि हात वर करून, अगदी शांतपणे म्हणाली, "अम्मा, रांगेत."

अक्का जागच्या जागी थिजली. इतक्या बायकांदेखत, तिच्याच परसात रोज येणाऱ्या बाईने तिला अडवलं होतं. मग ती वळली आणि टोपल्यांच्या कडेकडेने चालत चालत पार शेवटी गेली. तिच्याकडे टोपलीही नव्हती, बादलीही नव्हती. ती बूट जुळवून उभी राहिली. मी तिच्यामागे उभी राहिले. बँकेला उशीर होत होता, होऊ दिला.

पुढे काय चाललंय ते आम्हाला तिथून तुकड्यातुकड्यांनी ऐकू येत होतं. नवरा ओरडत होता. मग दारात त्या स्वतः आल्या, निवडून आलेल्या बाई, रेशमी साडीत, आणि त्यांच्यामागे सातवा महिना लागलेली त्यांची मुलगी. सेल्वीने नवऱ्याकडे पाठ फिरवली आणि त्या बाईंना विचारलं, "अम्मा, आम्ही सकाळी गाडीत बसतो ते दिवे लागल्यावर घरी. तुमची ही मुलगी आता या दिवसांत तेवढा वेळ थांबू शकेल का?"

नवरा म्हणाला, "हे काय बोलणं आहे?"

"तुम्ही गप्प बसा," त्या बाई म्हणाल्या. अख्ख्या वॉर्डाने त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने मान हलवली, नाही म्हणून, आणि लाजेने आईच्या खांद्याआड तोंड लपवलं. बाई पायऱ्या उतरून खाली आल्या. "कुठली जागा?" त्यांनी विचारलं. सेल्वी त्यांना घेऊन पंपरूमकडे चालू लागली, आणि मागोमाग सगळी रांग वळली. रेशमी साडीतल्या बाईंनी कुत्र्यांना हाकलत त्या पडक्या खोलीत डोकं घातलं, नाकाला पदर न लावता. तिथल्या तिथे झोन ऑफिसला फोन लावला आणि इंजिनियरला बोलावून घेतलं. त्यानंतरच ओली फडकी उघडली गेली. त्या मुलीच्या वळैकाप्पूला जेवढी फुलं गेली तेवढी त्या गल्लीत कोणाच्या लग्नालाही गेली नसतील.

दुपारी सेल्वी परसात आली तेव्हा अक्काने तिला विचारलंच, "मला का सांगितलं नाहीस?" तमिळमध्येच बोलत होत्या दोघी, पण एवढं मला कळत होतं.

सेल्वी किल्ली खिळ्यावरून काढत होती. "तक्रार आमची ना, अम्मा," ती म्हणाली आणि करवंटी हलवत निघून गेली.

अक्का मोरीत गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि चेहरा असा फुलला होता, की मी तिला इतकी खूश कधी बघितली नव्हती. "पाहिलेंस?" ती म्हणाली. "मज मागें पाठविलें. माझ्याच फुलवालीनें, मज!" हे तिने त्या दिवसभरात मामांना, इस्त्रीवाल्याला आणि दूधवाल्याला सांगितलं. प्रत्येकाला सांगताना ती सेल्वीसारखा हात वर करून दाखवे.

पंपरूमचा संडास बांधून व्हायला वेळ लागला, पण झाला. उद्घाटनाची फीत नवऱ्यानेच कापली आणि पाटीवर त्याचंच नाव मोठं आलं. अक्काला त्याचं काही नव्हतं. ती आपली हिरवी बादली घेऊन तिथल्या रांगेत उभी राहिली, आत जाऊन आली आणि नळाला पाणी येतं एवढंच मला सांगितलं. भिंतीला लागून घर असलेल्या बाई आता संध्याकाळी तिथेच उभ्या राहून सेल्वीकडून गजरा घेतात, असंही तिने तिखटमीठ लावून सांगितलं. मग परस रिकामं झालं. मला वाटलं, आता ती खिळा उपटेल. तिने करवंटी तशीच ठेवली. फुलवाल्याही येत राहिल्या, घाई नसलेल्या, टोपली मांडीजवळ घेऊन. अक्का त्यांना मोठा तांब्याभर पाणी देई आणि पूर्ण पिऊन होईपर्यंत समोर उभी राही. मला त्या बायकांच्या घशातून जाणाऱ्या पाण्याचा आवाज अजून आठवतो.

माझी बदली पुण्याला झाली. निघताना अक्काने विचारलं, "तिकडे रांगा असतात ना?" मी म्हटलं, असतात, पण कोणी उभं राहत नाही. इथे आमच्या सोसायटीत रोज संध्याकाळी बाकावर बसून लोक तक्रारी करतात, लिफ्टच्या, पार्किंगच्या, पाण्याच्या. सगळेच करतात आणि उठून घरी जातात. मला तेव्हा अक्काची इतकी आठवण येते, की काय सांगू. कोणीतरी डोळे चमकवून आपल्याकडे बघावं आणि आपली पाचावर धारण बसावी, असं आता होत नाही.

मधेमधे तिचा फोन येई. असाच एकदा भर दुपारी आला. मागे ढोल वाजत होता, बायका ओरडत होत्या, आणि अक्का त्याहून मोठ्याने ओरडत होती. मला आधी काही समजेना. मग उलगडलं, की सेल्वीच्या गावी पंचायतीची निवडणूक होती. ओरगडमच्या कारखान्यांमागच्या त्या गावातली पोरं तिथे गाड्या बनवायला जात, आणि शाळेतल्या मुलींना जायला जागा नव्हती. सेल्वीने तक्रार केली होती आणि स्वतःच उभी राहिली होती. पुढे ती निवडून आली, पण मला त्या निकालापेक्षा हा फोन जास्त आठवतो.

"अक्का, तू एवढ्या उन्हात तिथे काय करतेस? या वयात? तुला तिथे मत तरी आहे का?"

"नाहीं ना!" ती आनंदाने ओरडली. "मज एकटीसच नाहीं, अगे. बाजारांतल्या सगळ्या आल्या आहेत. एकीसही एथें मत नाहीं."

"मग कशाला गेलात?"

पलीकडे ढोल वाढला. कोणीतरी तिला हाक मारत होतं, आवाज सेल्वीचाच असावा. "कशाला म्हणजे?" अक्का म्हणाली. "सेल्वीनें मज पार शेवटीं उभें केलें आहे. ठेवतें आतां, रांग चालूं लागली."